फुलाला येणारं इंग्रजी

फुला कुणबिणीला इंग्रजी येतं, असं कुणी सुप्याच्या बाजारात सांगितलं असतं तर लोक हसले असते. तिला अक्षरओळख नव्हती. वर्षं ती भाताच्या रोवणीवरून आणि तापाच्या साथींवरून मोजायची. पण इंग्रजी शब्दांच्या दहा-बारा जोड्या तिच्या जिभेवर पक्क्या बसल्या होत्या, आणि त्या सगळ्या तान्ह्या पोराच्या बाळुत्यांबद्दल होत्या. वेट नॅपी, डर्टी नॅपी, क्लीन नॅपी, चेंज द नॅपी, फोल्ड द नॅपी, सोक द नॅपी. तिला इंग्रजीत 'भूक' म्हणता येत नव्हतं, 'दुखतं' म्हणता येत नव्हतं, 'मला भीती वाटते' तर नाहीच नाही.

हे शब्द तिच्यापर्यंत आले ते एकोणीसशे तीसच्या आसपास. त्याआधीची तिची पाच-सहा वर्षं बाजारकुणंगच्या अलीकडल्या एका वाडीत गेली. नवरा लाडू. घरची भातजमीन दोन वेळच्या पेजेपुरतीही नव्हती, म्हणून सुगी झाली की तो साग तोडायला जंगलात जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. एका वर्षी तो आला तो दोघांच्या खांद्यावरून, बांबूच्या डोलीतून. जंगलातला ताप डोक्यात गेला होता. चौथ्या दिवशी तो गेला. मागे सासू रुक्मा, चार वर्षांची तुळजा आणि फुलाच्या पोटातलं पोर.

ते पोर मुलगा निघालं. दहा महिने छान बाळसं धरलं, आणि श्रावणात त्याला हगवण लागली. दोन दिवस पोर पाण्यासारखं हागत राहिलं. तिसऱ्या दिवशी थांबलं. घरात सगळ्यांना वाटलं, उतार पडला. बाळुती कोरडी निघू लागली, पोर शांत पडून राहिलं. फुलानं डोक्यावरून हात फिरवला तेव्हा टाळूच्या जागी बोट आत गेलं, उखळात जावं तसं. दिवेलागणीच्या आत पोर गेलं. पुढे वाडीतल्या म्हाताऱ्या सुईणीनं तिला समजावून सांगितलं होतं: हगवण थांबली हे बरं, पण पोर मुतायचंच थांबलं तर ते आतून सुकलं म्हणायचं. तेव्हा पेजेची निवळ चिमूटभर मीठ घालून चमच्या-चमच्यानं घालत राहायची, त्याला नको असलं तरी. हे ज्ञान तिला पोर पुरल्यावर बारा दिवसांनी मिळालं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कान्हू गार्ड वाडीत आला. तो जंगलखात्यात होता आणि फुलाच्या माहेरच्या नात्यातला होता. कुळगीकडे त्याच्या खात्याच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बाई पाहिजे, असं त्यानं सांगितलं. साहेबाच्या मडमेला मूल झालं होतं आणि बेळगावहून आणलेली आया जळवांना आणि तापाला भिऊन महिन्याभरात पळून गेली होती. काम पोराची बाळुती धुण्याचं. पगार महिन्याचा, जेवण वर.

 रुक्मा म्हणाली की तुळजा इथंच राहील. फुलानं मान हलवली. दुसरा रस्ता होता कुठं? वाडीचा बुधवंत उमाजी, म्हणजे कुणब्यांचा न्यायनिवाडा करणारा म्हातारा, त्यानं मात्र स्पष्ट सांगितलं की परक्या जातीच्या पोराचा गू धुणारी बाई देवाच्या जेवणावळीत पानाला बसणार नाही. परत आल्यावर काय ते बघू. फुलानं ते ऐकून घेतलं आणि पहाटे कान्हूबरोबर निघाली. तुळजा झोपलेली होती. तिला उठवायचं धाडस फुलाला झालं नाही, आणि पुढे जन्मभर तिला वाटत राहिलं की उठवायला हवं होतं.

बंगला म्हणजे कौलारू बैठं घर, भोवती रुंद व्हरांडा, मागे स्वयंपाकघर वेगळं आणि त्यापलीकडे उतरणीवर ओहोळ. मडम चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. गोरी, हडकुळी, नाकावर तांबूस ठिपके. ती फुलाशी बोलू लागली ती भराभरा, आणि फुला नुसती पाहत राहिली. मडमेला मराठी, कानडी काही येत नव्हतं. साहेबाला थोडी कानडी येत होती, पण तो महिन्यातले वीस दिवस फिरतीवर.

मधला पूल एकच होता: इनास, गोव्याकडचा कुजनेर. म्हणजे स्वयंपाकी. पन्नाशीचा, पोट सुटलेला, आयुष्यभर साहेबांच्या घरी रांधलेला. त्याला इंग्रजी येत होतं आणि कोकणी-मराठी तर घरचीच. पहिल्याच दिवशी त्यानं फुलाला ओहोळाच्या काठी बसवून शिकवायला घेतलं.

त्यानं एक चौकोनी पांढरं फडकं वर धरलं. हे बाळुतं, म्हणाला, पण इथं त्याला नॅपी म्हणायचं. ओलं असलं तर वेट नॅपी. घाण असलं तर डर्टी नॅपी. मडम म्हणाली चेंज द नॅपी, तर पोराचं बदलायचं. सोक म्हणाली तर भिजत घालायचं, बॉइल म्हणाली तर उकळायचं. फोल्ड म्हणाली तर घडी, आणि घडी त्रिकोणी, आपल्यासारखी लांबोडी नाही. पोराचं बूड लाल झालं तर ते नॅपी रॅश, आणि ते झालं तर मडम तुझं डोकं खाणार.

फुलानं विचारलं की ओल्या लाकडालाही वेटच म्हणायचं का. इनास म्हणाला, व्हय. मग कोरड्याला? कोरड्याला ड्राय. ड्राय नॅपी म्हणजे सगळं झकास, मडम खूश. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं. फुलानं ते तसंच गाठीला बांधलं.

आठ दिवसांत तिला सगळ्या जोड्या आल्या. पोर कळवळलं की मडम आतून विचारायची, "वेट नॅपी?" फुला हात घालून बघायची आणि सांगायची, "येस. वेट नॅपी. चेंज." कधी सांगायची, "नो. ड्राय नॅपी." मडम हसायची आणि म्हणायची, "गुड, फुला." दिवसातून वीस वेळा हेच. दोघींमध्ये दुसरं बोलणं नव्हतंच. पण वीस वेळा तेच बोलून दोन बायकांची एक प्रकारची ओळख होतेच. फुलाला मडमेच्या आवाजावरून कळायचं, आज झोप झाली नाही, आज साहेबाचं पत्र आलं, आज तिला आपल्या आईची आठवण येते आहे.

पोराचं नाव रॉबिन. फुला त्याला रोबू म्हणायची. ती आली तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. डब्यातल्या दुधावर वाढणारं पोर, त्यामुळे त्याच्या बाळुत्यांचा वासही वेगळा, आंबूस. पहिले काही दिवस फुलाला त्याला उचलतानाच आतून भरून यायचं आणि ती त्याला लवकर खाली ठेवायची. मग ते गेलं. मग उलटं झालं. मडमेनं हाक मारायच्या आधीच ती पाळण्याशी असायची.

एकदाच बिनसलं. रोबूची टाळू उघडी बघून फुलाला राहवलं नाही. आपल्याकडे बाळाची टाळू तेलानं भरतात. तिनं इनासकडून खोबरेल घेतलं आणि बोटं बुडवून पोराच्या डोक्यावर थापलं. मडम आली आणि तिचा चेहरा पांढरा झाला. ती ओरडली नाही, पण पोराला ओढून घेतलं, डोकं साबणानं धुतलं आणि इनासला बोलावून निरोप दिला: बाळाच्या डोक्याला हात लावायचा नाही. तेल नाही, काही नाही. पुन्हा झालं तर कामावरून काढीन. फुलानं कानाला हात लावला. त्या दिवसापासून ती पोराला उचलताना मानेखाली हात घालायची, पण टाळूला बोट लावायची नाही.

चार-पाच महिने गेले. घरी धान्य जात होतं, कान्हू नेऊन देत होता. रुक्मा ते घेत होती. तुळजा कशी आहे विचारलं की कान्हू म्हणायचा, बरी हाय, आणि दुसरीकडे बघायचा. शेवटी फुलानं एकदा धरूनच बसवलं तेव्हा तो म्हणाला, पोर तुझं नाव काढत नाही. कुणी काढलं तर उठून जाते.

चैत्रात इनासला गोव्याहून सांगावा आला. त्याची आई अंथरुणाला खिळली होती. पंधरा दिवसांत येतो म्हणून तो गेला. जाताना फुलाला म्हणाला की तुला आता माझी काय गरज, तुझं इंग्रजी तर झालं. साहेब घाटाच्या कडेला फिरतीवर होता आणि मोटार त्याच्याजवळ. स्वयंपाकाला कान्हूनं एक माणूस आणून ठेवला, पण त्याला काय नि कान्हूला काय, इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं.

इनास गेल्यावर सहाव्या दिवशी रोबूला हगवण लागली.

पहिल्या दिवशी तेरा बाळुती झाली. फुला ओहोळावरून वर यायची तोवर पुढचं तयार. "डर्टी नॅपी," मडम म्हणायची, आणि मग म्हणायचीही नाही, नुसतं हातात द्यायची. मडमेजवळ पोरं वाढवण्याचं एक जाड पुस्तक होतं. ती ते उघडून वाचायची, पुन्हा वाचायची. पुस्तकात लिहिलं असेल तसं तिनं दूध बंद केलं. उकळून गार केलेलं पाणी, तेही मोजून, चार तासांनी दोन चमचे. पोर बाटलीसाठी हात पसरायचं तेव्हा ती तोंड फिरवून उभी राहायची. दुसऱ्या दिवशीही तेच. मडम दोन रात्री डोळ्याला डोळा न लावता बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी थांबलं.

मडमेनं स्वतः पिन काढून बघितलं. फडकं कोरडं होतं. तिनं ते फुलापुढे धरलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ड्राय नॅपी," ती म्हणाली. पोर झोपलेलं होतं. मडम खुर्चीत बसली आणि बसल्याजागी तिचाही डोळा लागला.

फुला पाळण्याजवळ बसून राहिली. ऊन व्हरांड्याच्या कठड्यावर आलं. तिनं हात घालून बघितलं. कोरडं. ऊन कठड्यावरून खाली उतरलं. पुन्हा बघितलं. कोरडं. रोबूचे ओठ सुकून त्यांना पापुद्रा धरला होता. त्यानं डोळे उघडले ते अर्धेच, आणि रडायला तोंड वासलं तर डोळ्यांतून पाणी आलं नाही. फुला त्याच्यावर वाकली. बोट न लावताही तिला दिसत होतं, टाळूच्या जागी खळगा पडला होता.

तिनं मडमेला हलवून उठवलं. हे तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

"ड्राय नॅपी," ती म्हणाली.

मडमेनं झोपेतून डोळे उघडले. हसली. "येस, फुला. गुड."

"नो गुड. ड्राय नॅपी. ड्राय नॅपी." फुलानं सूर्याकडे बोट दाखवलं, सकाळ कुठं होती ते दाखवलं, आता कुठं आहे ते दाखवलं. "नो वेट नॅपी. नो."

मडमेनं तिचा हात धरून थोपटला. काहीतरी लांबलचक, मऊ आवाजात बोलली. तिला वाटलं असावं, ही बाई आनंदानं सांगते आहे. किंवा धुण्याचं काम संपलं म्हणून सुटकेनं. फुलाला दुसरा शब्द सापडेना. इतके महिने ती ज्या दोन शब्दांचा अर्थ 'सगळं झकास' असा धरून होती, तेच दोन शब्द आता तिला 'पोर मरतंय' म्हणून वापरायचे होते. मग तिनं पोराच्या डोक्याकडे बोट केलं, आणि टाळूवर हात नेला.

मडम ताडकन उठली. "नो ऑइल, फुला," ती म्हणाली. रागानं नाही, थकून. आणि तिनं पाळण्याची जाळी ओढून घेतली.

फुला मागच्या दारानं आवारात पहाऱ्यावर असलेल्या कान्हूकडे धावली. त्याला म्हणाली, "कान्हूअण्णा, हल्याळच्या डाक्टराला आण. पोर सुकतंय. माझं असंच गेलं."

कान्हूनं व्हरांड्यापर्यंत येऊन बघितलं. मडम पुस्तक मांडीवर घेऊन शांत बसलेली. तो म्हणाला की मडमेनं सांगितल्याशिवाय बंगला सोडून गेलो तर नोकरी जाईल. हल्याळला जाऊन यायला बैलगाडीनं दीड दिवस. साहेब विचारील, कुणाच्या हुकमानं गेलास? तर काय सांगू, बाळुती धुणारीच्या? फुला त्याच्या पाया पडली. तो म्हणाला, मडम एक बोट वर करू दे, मी पळत जातो. यात त्याचं खोटं काहीच नव्हतं.

मग तिनं शेवटचं तेवढं केलं. मागच्या चुलीवर स्वतःसाठी टाकलेली पेज होती. तिची निवळ काढली, मीठ घातलं, वाटीत घेतली, रोबूचा चमचा उकळत्या पाण्यातून काढून घेतला आणि खोलीच्या दारात आली. मडमेची मान खुर्चीत एका बाजूला कलली होती. जाळीपलीकडे पोर तोंड उघडं टाकून पडलं होतं. चार पावलं. फुला दारात उभी राहिली. तिला वाटलं, मडम जागी झाली तर हाकलून देईल. आणि हाकलून दिल्यावर या पोराजवळ कोण? तुळजाच्या पोटात काय जाईल? आणि वाटलं की कदाचित त्या जाड पुस्तकातलंच खरं असेल, आपल्या सुईणीचं नसेल. ती तशी किती वेळ उभी राहिली हे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. मडम हलली, डोळे उघडले, वाटी दिसली. तिनं मान हलवली. "नो, फुला. नथिंग."

फुलानं वाटी मागे नेऊन चुलीपाशी ठेवली.

तिन्हीसांजेला रोबूचे हातपाय गार पडले तेव्हा मडमेला कळलं. ती किंचाळत बाहेर आली आणि कान्हू खरंच पळत सुटला. पण हल्याळ होतं तिथंच होतं. सूर्य वर यायच्या आत पोर गेलं.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आला. जंगलखात्याच्या लाकूड-डेपोतल्या सुतारानं सागाची लहानशी पेटी केली. पोराला बंगल्यापासून थोडं लांब पुरलं. फुला माणसांच्या मागे उभी होती. तिला कुणी जवळ बोलावलं नाही आणि कुणी जा म्हणालंही नाही.

चार दिवसांनी इनास परतला, आईला माती देऊन. त्याच दुपारी मडमेनं दोघांना खोलीत बोलावलं. बाळुत्यांची चळत तिच्या मांडीवर होती आणि ती एकेक उलगडून पुन्हा त्रिकोणी घडी घालत होती. मान वर न करता तिनं इनासला काही विचारलं. इनासनं ते फुलाला सांगितलं: त्या दिवशी तू पुन्हा पुन्हा ड्राय नॅपी, ड्राय नॅपी म्हणत होतीस. तुला काय सांगायचं होतं?

फुलानं मडमेच्या हातांकडे बघितलं. हात थांबले होते. फुलाचं स्वतःचं पोर गेलं तेव्हा रुक्मा म्हणाली होती, "तू आय न्हवं? तुला कळाय नगं व्हतं?" त्या एका वाक्यानं फुलाला पोराच्या मरणापेक्षा जास्त जाळलं होतं. आठ महिने झाले तरी ते वाक्य थंड झालं नव्हतं.

"सांगा तिला," फुला इनासला म्हणाली, "मी म्हणत व्हते, बाळुतं कोरडं हाय, पोराला बरं वाटतंय. दुसरं काय न्हाई."

इनासनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तसं सांगितलं. मडमेनं श्वास सोडला आणि घडी घालायला सुरुवात केली.

स्वयंपाकघराशी आल्यावर इनासनं तिला धरलं. खरं सांग, म्हणाला. तिनं खरं सांगितलं. सूर्य, टाळू, कान्हू, वाटी, सगळं. इनास चुलीजवळच्या स्टुलावर बसला.  मग म्हणाला की तू तिच्यावर दया केलीस, ते दिसलं मला. पण ती तरणी आहे. तिला दुसरं होणार. ते असंच आजारी पडलं, आणि असंच कोरडं झालं, तर ती पुन्हा हसून खुर्चीत बसणार. मग ते पोर कुणी मारलं?

 फुला ओहोळावर गेली. धुवायला काही नव्हतं, तरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इनासकडे आली आणि म्हणाली की मला तीन नव्या जोड्या शिकवा. पुढच्या पोराला काय म्हणतात, दिवसभर कसं म्हणतात, आणि डॉक्टरला बोलाव कसं म्हणतात. इनास म्हणाला, मी सांगतो तिला, मला नीट सांगता येईल. फुला म्हणाली, "तुमच्या तोंडून ते कुजनेराचं बोलणं हुईल, इनासबाब. हे मीच सांगाय पायजे."

मडम ट्रंक भरत होती. साहेबानं तिला विलायतेला धाडायचं ठरवलं होतं. फुला दारात उभी राहिली, इनास मागे.

"मडम," ती म्हणाली. "नेक्स्ट बेबी. ड्राय नॅपी, ड्राय नॅपी, ऑल डे. नो गुड. कॉल डॉक्टर."

मडम वळली. आधी तिला अर्थ लागला नाही. मग लागला. फुलाला तो लागताना दिसला, कपाळापासून खाली उतरत गेल्यासारखा. मडमेनं दोनच शब्द विचारले. इनासनं त्यांचं मराठी केलं नाही, पण फुलाला ते समजले: तुला माहीत होतं?

फुलानं मान हलवली. व्हय.

मडमेनं आरडाओरडा केला नाही. ती ट्रंकेच्या कडेवर बसली आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. फुलाला पुढे जावंसं वाटलं, पण ती गेली नाही. संध्याकाळी साहेबानं इनासकरवी पगार दिला आणि सांगितलं की उद्यापासून यायचं नाही. निघताना फुला व्हरांड्यासमोरून गेली. आतली खिडकी लावलेली होती. मडमेला पुढे मूल झालं का, झालं तर जगलं का, हे तिला कधी कळलं नाही. इनासलाही नाही, तो त्याच पावसाळ्यात गोव्याला परतला.

वाडीत आल्यावर उमाजी बुधवंतानं सांगितलेलं सगळं तिनं केलं. नदीत डोकं बुडवून न्हाली, गावाला नारळ दिला, वर्षभर जेवणावळीत लांब बसली. तुळजा सहा वर्षांची झाली होती. आईला बघून ती रुक्माच्या मागे गेली आणि तिथूनच बघत राहिली. फुलानं तिच्यासाठी मण्यांची माळ आणली होती, ती रुक्मानं घातली तेव्हा पोरीनं घालून घेतली.

म्हातारी सुईण थकली तशी फुला तिच्याबरोबर जाऊ लागली, आणि ती गेल्यावर एकटी. बाळंतिणीच्या घरी ती फार बोलायची नाही. पण पोर आजारी असलं की पहिला प्रश्न तिचा एकच: सकाळपासून किती बाळुती भिजली? आई म्हणाली, कोरडी आहेत, तर ती त्या आईला काही न बोलता पेजेची निवळ काढायला बसायची आणि चमच्यानं पोराच्या तोंडात घालत राहायची, कुणी नको म्हटलं तरी. घरातल्या म्हातारीनं हात धरला तर तो बाजूला करायची. यातली काही पोरं वाचली. बरीच नाही वाचली. तापाचा मुलूख होता. वाचलेल्यांचा हिशोब तिनं ठेवला नाही. गेलेल्यांची नावं मात्र तिला पाठ होती, आणि त्यांत तिच्या पोराच्या पुढचं नाव रोबूचं होतं.

तुळजाचं लग्न रामनगरकडच्या एका घरात झालं. पहिल्या बाळंतपणाला तिनं आईला बोलावलं नाही. आजूबाजूच्या दहा वाड्यांतली पोरं फुलाच्या हातावर जन्मली होती, आणि पोटची पोर दुसऱ्या सुईणीकडून सुटली. बातमी कळली तशी फुला चालत निघाली. पोचायला दुसरा दिवस उजाडला. सासरच्यांनी तिला पडवीत पाट दिला, पाहुणीला देतात तसा चहा दिला. ती बसून राहिली. आत पोर रडत होतं. तिनं आत जायला विचारलं नाही.

दुपारी तुळजा बाहेर आली. तिनं तान्ह्या मुलीला आईच्या मांडीवर ठेवलं.

"तू मला उठवलं न्हाईस," ती म्हणाली. "कान्हूमामाबरोबर गेलीस तवा."

"न्हाई उठवलं," फुला म्हणाली. "उठवलं असतं तर जाता आलं नसतं."

 तुळजा भिंतीला टेकून शेजारी बसली, आईला लागून नव्हे, मध्ये वीतभर जागा सोडून.  ऊन कलल्यावर सासूनं आतून हाक मारली आणि तुळजा उठून गेली. पोर तिनं फुलाच्या मांडीवरच ठेवलं.